आपाच्या वहीतली माझी पाठ

फोटो बदललाय

माझी पाठ मी पहिल्यांदा पाहिली ती वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, आणि तीही काळ्या फिल्मवर. जालन्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर अडकवली आणि मी चक्क हसले.

"साहेब, हा फोटो माझा न्हाई," मी म्हणाले. "तुमच्या माणसानं बदललाय."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. एकाची उत्तरपत्रिका दुसऱ्याच्या नावावर जाते हे मला चांगलं ठाऊक आहे. समोर जे लटकत होतं ते पहिलीतल्या पोरानं पाटीवर ओढलेल्या रेघेसारखं होतं. मणक्यांची ओळ कंबरेपाशी डावीकडे गेलेली, वर उजवीकडे फिरलेली, आणि मानेशी पोचता पोचता कशीबशी मध्यावर आलेली. असली पाठ घेऊन माणूस उभा तरी कसा राहील? मी तर रोज अंबडहून एस.टी.नं शहागडच्या अलीकडच्या आमच्या शाळेत जात होते आणि चार-चार तास फळ्यापुढे उभी राहत होते.

आम्ही आलो होतो पायासाठी. वर्षभरापासून डावा पाय भरून यायचा, पोटरीला मुंग्या यायच्या. डावी चप्पल पुढच्या बाजूनं घासू लागली होती. मी टेबलाला टेकून शिकवायला लागले. मग एक दिवस एस.टी.च्या पायरीवर डावं पाऊल उचललंच गेलं नाही, आणि मी डब्यासकट दारात आडवी झाले. कंडक्टरनं उचलून बसवलं. त्या पायाचं औषध न्यायला आलेली बाई मी, आणि हे गृहस्थ मला कुणाची तरी पाठ दाखवत होते.

मी हट्टानं दुसरा फोटो काढायला लावला. यंत्र चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यावर उभी राहिले, फिल्मवर माझं नाव माझ्यासमोर लिहून घेतलं. फिल्म धुऊन आली. तीच रेघ.

डॉक्टरांनी मला पुढे वाकायला सांगितलं आणि पाठीवरून हात फिरवला. "बाई, पायाच्या नसा इथं दाबल्या गेल्यात. पण हे वाकडेपण आजकालचं नाही. वाढत्या वयात सुरू झालंय हे. घरात कधी कुणी काही बोललं नाही?"

"न्हाई," मी म्हणाले.

तेव्हा मी माझ्या यजमानांकडे, विलासरावांकडे पाहिलं. ते खाली फरशीकडे बघत होते.

स्टँडवर

अंबडची गाडी लागायला वेळ होता. विलासरावांनी दोन चहा आणले. आमचं अंबडला बी-बियाण्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी दिवसभर बोलणारा हा माणूस, पण घरात शब्द मोजून वापरतो. चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, "मला तर लग्नापासूनच मालूम हाये."

"काय मालूम हाये?"

"पाठीचं. एका अंगाला खवाटा वर आल्ता. हाताला लागायचा ना. मला वाटलं, तुला मालूम असंल. बोललो तर तुला वाईट वाटंल म्हणून न्हाई बोललो."

"एकवीस वर्षं तुम्ही गप राह्यले?"

"त्यात बोलायसारखं काय होतं?" ते म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

आज मला त्या वाक्यातली माया कळते. त्या दिवशी मात्र हातातला ग्लास त्यांच्या डोक्यात घालावा असं वाटलं. माझ्याच अंगावरची गोष्ट, आणि ती मला सोडून दुसऱ्याला माहीत! अंबडपर्यंत मी खिडकीबाहेर बघत आले. बाहेरचं एक शेत, एक झाड मला आठवत नाही. एवढंच आठवतं की मी साडीच्या आतून हात मागे नेऊन पाठ चाचपत होते, आणि जिथं हात पोचायला हवा तिथंच तो पोचत नव्हता.

घरी आल्यावर कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले आणि मागे दुसरा छोटा आरसा धरला. सरळ उभी राहिले तरी उजवा खांदा वर, त्यामागचा खवाटा, म्हणजे खांद्याचं हाड, बाहेर. डावीकडे कंबरेला खळगा. आमच्या माहेरी आरसा होता तो चेहऱ्यापुरता, आणि सासरी आल्यापासून माझा पदर दोन्ही खांद्यांवरून. अख्खी सोयरीक मला नावाजायची, "सून लई मर्यादेची, पदर कधी ढळत न्हाई." त्या कौतुकानं मी इतकी वर्षं फुगून बसले होते.

माय काय बोलली

माझं माहेर गोदावरीकाठी, शहागडजवळच्या एका खेड्यात. माय, म्हणजे माझी आई, तिथं भावाकडे असते. रविवारी मी गेले तेव्हा ती ओट्यावर सूप घेऊन तूर निवडत होती.

"माय, माझी पाठ वाकडी हाये. तुला मालूम होतं का?"

सुपातला हात थांबला. ती "काय म्हणतीस?" असं म्हणाली असती तर मी तिथंच माफी मागितली असती. ती म्हणाली, "कोणी सांगितलं तुला?"

मी खाली बसले. मग तिनं सुपाकडे बघत बघत सगळं सांगितलं.

"तू नववीत व्हतीस. तुला न्हाऊ घालताना बघितलं म्या. एक खवाटा वर आल्ता. जालन्याला नेलं तुला, फोटो काढला."

तो फोटो मला आठवत होता! मला खोकला झाला होता आणि छातीचा फोटो काढायचा, असं तिनं सांगितलं होतं. परत येताना स्टँडवर तिनं मला डझनभर केळी घेऊन दिली होती. एवढी केळी एकटीला कशी, याचंच मला नवल वाटलं होतं.

"डॉक्टरनं पट्टा सांगितला. गळ्यापासून कमरंपस्तोर. वाढ थांबस्तोर रोज घालायचा म्हणाला."

"मंग?"

"मंग काय? पट्टा घालून तू साळंत गेली असतीस तर आठ दिवसांत साऱ्या सोयऱ्यांत बोंब झाली असती. कोण करणार व्हतं तुला?"

"मंग तू काय केलंस, माय?"

"तिथून नीट आपाकडं गेले," ती म्हणाली.

आपा म्हणजे जालन्यातल्या मस्तगडच्या शकीला आपा. बायकांचे कपडे शिवतात. डॉक्टरच्या दारातून निघून माझी आई शिवणकामवालीच्या दारात गेली होती, आणि माझ्या मणक्यावरचा इलाज तिथं ठरला होता. डाव्या खांद्यात कापडाची घडी, डाव्या बाजूला कमी कापड, कमरेला आतून शिवलेली गादी. वेणी पुढे घ्यायची, ओढणी दोन्हीकडून, आणि लग्नानंतर पदर. मला यातलं काही सांगायचं नाही, हे मात्र मायनं मनाशीच ठरवलं, कारण पोरगी खचेल.

"ब्लाऊज आपाकडंच टाकायचा" असं माय का म्हणायची, हे मला तेव्हा कळलं. अंबडात दहा शिवणारे असताना मी एका ब्लाऊजसाठी जालन्याला का जाते म्हणून शाळेतल्या बाया हसायच्या. एकदा कंटाळून मी अंबडच्या टेलरकडे टाकला होता. तो एका अंगानं वर चढला. मी त्या गरीब माणसाला दुकानात चार बायांसमोर झापलं, "सरळ शिवता येत न्हाई तर दुकान कशाला मांडलंत?" त्यानं मान खाली घालून ब्लाऊज पुन्हा उसवायला घेतला होता. त्याची माफी मी पुढे मागितली.

"तू माझी पाठ साऱ्या जगापासून झाकलीस, माय," मी म्हणाले. "पण मला तरी दाखवायची होतीस."

"दाखवून काय केलं असतंस?" ती म्हणाली.

मी चहा न घेता उठले. पुढचा दीड महिना मी तिच्याशी बोलले नाही. भावाच्या फोनवरून तिचा आवाज आला की मी फोन विलासरावांकडे द्यायचे.

दोन आकडे

दुसऱ्याच दिवशी मी मस्तगडला गेले. आपांशी भांडायचं ठरवूनच गेले होते. साठीच्या आपा मशीनवर वाकलेल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "आव बेटी, बैठ. कापड आणलंस?"

"आपा, माझ्या पाठीचं मला का न्हाई सांगितलं?"

त्यांनी चष्मा काढला. "या अल्ला. तुला मालूम नव्हतं? मी तर समजले, आई बोलली असंल. तुला शरम वाटू नये म्हणून तर मी माप घेताना कधी जादा बोलले न्हाई."

पुन्हा तेच! आपांनी फळीवरून एक जाड वही काढली. कायमच्या गिऱ्हाइकांची ही वही वेगळी. एकेका बाईला एकेक पान, आणि माप बदललं की जुन्या आकड्यावर काट मारून खाली नवा. त्यांनी माझं पान उघडलं. बाकीच्या बायांच्या पानावर ब्लाऊजच्या उंचीचा एकच आकडा होता. माझ्या पानावर दोन, एक डावीचा, एक उजवीचा. सर्वात वर, फिकट झालेल्या शाईत, दोघांत अर्ध्या इंचाचा फरक. मग पाऊण इंच. तो पाऊण इंच बरीच वर्षं तसाच. आणि खाली, अलीकडच्या चार-पाच वर्षांत, एक इंच, सव्वा, दीड.

मी त्या पानाकडे बघत राहिले. मी बारावी झाले, डी.एड. झाले, लग्न झालं, मुलगा झाला, आणि या सगळ्या काळात इथं मस्तगडच्या एका फळीवर माझं हे दुसरंच प्रगतिपुस्तक भरलं जात होतं. मास्तरणीची सवय, मी पर्समधून पेन काढलं आणि सगळे आकडे क्रमानं उतरवून घेतले. कशासाठी, ते मलाही ठाऊक नव्हतं.

नाडी ओवतात तसं

जालन्याच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. तिथले सर्जन माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे. फिल्म बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे वाढत चाललंय की पूर्वीपासून एवढंच आहे? जुना एखादा फोटो आहे का?"

जुना फोटो नव्हता. मायनं तो त्याच वर्षी गोदावरीत सोडल्याचं त्या रविवारी सांगितलं होतं. मी पर्समधून आपांच्या वहीचा कागद काढला आणि शरमतच पुढे केला. सर्जननी तो दोनदा वाचला. मग बाजूच्या डॉक्टरला बोलावून दाखवला.

"हे कुणी मोजलं?"

"माझे ब्लाऊज शिवणाऱ्या बाईंनी."

ते हसले नाहीत. कागद माझ्या फायलीला लावला. म्हणाले, "पंधरा वर्षं थांबलेलं होतं, आता वेगानं वाढतंय. वयानं मणक्यांमधल्या चकत्या झिजल्यात. थांबलात तर हे पाऊल कायमचं लुळं पडेल."

"आणि ऑपरेशन केलं तर?"

"पावलासाठीच करायचं. पण खोटं नाही सांगत, त्यात जोखीमही त्या पायालाच आहे."

मला त्या क्षणी दुसरं काही नको होतं. पाठ सरळ नको, दुखणं गेलं नाही तरी चालेल, पण फळ्यापुढे दोन्ही पायांवर उभं राहायचं होतं. तेवढंच.

त्यांनी समजावलं. पूर्वी अशा पाठीला वरपासून खालपर्यंत उघडावं लागायचं. आता काहीजणांचं लहान छेदांतून जमतं, आणि माझं जमण्यासारखं होतं. आधी डाव्या कुशीतून शिरून झिजलेल्या चकत्यांच्या जागी आधार बसवायचे. चार दिवसांनी पाठीवर बोटाच्या पेराएवढ्या चिरा देऊन स्क्रू, आणि त्यांतून कातडीखालून सळई सरकवत न्यायची, पडद्यावर बघत बघत. विलासराव एकदम म्हणाले, "म्हंजे परकरात नाडी ओवतेत तसं?" सर्जन म्हणाले, "बराबर तसंच." हा पुणेरी माणूस आमच्यासाठी 'बराबर' म्हणाला याचं मला उगाच बरं वाटलं.

"पट्टीसारखी सरळ नाही होणार पाठ," त्यांनी निघताना बजावलं. आणि मी विचारलेल्या शेवटच्या प्रश्नाला म्हणाले, "लहानपणी पट्टा घातला असता तर? सांगता येत नाही, बाई. थांबलं असतं कदाचित. कदाचित नसतंही." मला कुणालातरी पुरतं दोषी ठरवायचं होतं, तेही त्यांनी करू दिलं नाही.

शाळेत रजेचा अर्ज दिला तेव्हा सांगितलं, बारीक छेदांचं ऑपरेशन आहे, दुर्बिणीसारखं. आमच्याकडे दुर्बिणीचं ऑपरेशन एकच, कुटुंबनियोजनाचं. हेडबाई डोळे मोठे करून म्हणाल्या, "अगं, तुझं तर कवाच झालंय ना?" त्या दिवसांत मी हसले ते तेवढंच.

मांडी

हे मी ज्या कुणासाठी लिहिते आहे, तिनं हा भाग नीट वाचावा. मला तो आधी सांगितला होता, पण मी विसरले, आणि त्या विसरण्यानं माझे तीन दिवस खाल्ले.

पहिल्या ऑपरेशननंतर शुद्ध आली. कुणीतरी म्हणत होतं, "बाई, अंगठे हलवा." उजवा हलला. डावा हलल्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपीच्या मुलीनं डावा गुडघा वर घ्यायला सांगितला आणि मांडी जागची हलेना. मी हुकूम सोडत होते, आणि मांडी दुसऱ्या कुणाची असल्यासारखी पडून होती. वरून बधिर. चिमटा काढला तरी लांबून कुणीतरी दार वाजवावं तसं.

मी ओरडले. खरंच, वॉर्डभर ऐकू जाईल असं ओरडले, "माझा पाय गेला!" सर्जन आले, म्हणाले, "कुशीतून जाताना मांडीचा स्नायू बाजूला सारावा लागतो. काही दिवस असं होतं. तुम्हाला सांगितलं होतं." सांगितलं होतं, खरं. सह्या केलेल्या कागदावरही होतं. पण शब्द ऐकणं वेगळं आणि स्वतःची मांडी मेल्यासारखी पाहणं वेगळं. विलासराव उशाशी उभे होते. मी त्यांना म्हणाले, "जोखीम पायालाच हाये म्हणलं होतं त्यांनी. गेला पाय." ते पायांकडे आले. माझा डावा तळपाय दोन्ही हातांत धरून उभे राहिले, आणि मला तो धरलेला नीट कळत नव्हता.

दवाखान्याचा दिवस मात्र कुणाच्या भीतीसाठी थांबत नाही. सकाळी ताप बघायचा, अंग पुसायचं, तीन चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढून चेंडू वर न्यायचे. कूस बदलायची तर दोन नर्सबाया एक-दोन-तीन म्हणत अख्खी मला ओंडक्यासारखी एकदम फिरवायच्या. त्यातली एक बीडकडची होती. तिनं पहिल्या दिवशी विचारलं, "कुठल्या तुम्ही? बोलीवरून आपल्याकडच्याच वाटता." एवढ्यानंही मला रडू आलं.

पायथ्याशी

दोन ऑपरेशनांच्या मधल्या एका दिवशी दुपारी वॉर्डाच्या दारात माय उभी होती. एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात दवाखान्याच्या नावाची चिठ्ठी. पुणं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. शहागडच्या फाट्यावरून एकटी एस.टी.त बसून आली होती.

मी मान फिरवली. ती जवळ आली नाही. गाठोडं विलासरावांकडे दिलं आणि म्हणाली, "आपानं दिलेत." आत तीन सैल ब्लाऊज होते, पुढून उघडणारे. डाव्या कुशीला शिवण नव्हती, नुसते बंद होते, टाक्यांना कापड लागू नये म्हणून. माझ्या आईनं मस्तगडला जाऊन, ऑपरेशन कुठून होणार ते विलासरावांना विचारून, आपांना नीट सांगून ते शिवून घेतले होते.

ती माझ्या पायथ्याशी स्टुलावर बसली. मी बोलत नव्हते, म्हणून तिला उशाशी बसायचं धाडस झालं नाही. दुसरं ऑपरेशन झालं. पाठीवर सहा-सात लहान पट्ट्या. दुखणं असं की दात-ओठ खाऊनही पुरेना. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला धरून उभं केलं. मांडीत थोडी ताकद येत होती. पाऊल मात्र खाली लोंबत होतं.

फिजिओथेरपीची मुलगी सकाळी सांगायची, "पाऊल वर ओढा, स्वतःकडे." ती गेली की माय पायथ्याहून तेच सांगायची, तिच्याच शब्दांत, "पाऊल वर वढ, सुनंदे." सकाळी, दुपारी, चहाच्या वेळी. मी तिच्याशी बोलत नव्हते, पण ओढायचे. काही होत नव्हतं. मला उताणी पडल्या पडल्या छताशिवाय काही दिसत नव्हतं.

चौथ्या दुपारी ती एकदम उठून उभी राहिली. "हललं!"

"उगं काही पण सांगू नको," मी छताकडे बघत म्हणाले.

"हललं, सुनंदे. डावं पाऊल वर आलं."

"उजवं बघितलंस तू. बदललंस."

माय माझ्या पायाला हात लावून उभी होती. म्हणाली, "तुझं डावं-उजवं मला शिकवू नको. पंचवीस वर्षं म्या दुसरं काय बघितलं?"

मी सगळा जोर एकवटला, कपाळावर घाम आला, आणि म्हणाले, "आता बघ. पुन्हा बघ."

"आलं," ती म्हणाली. "बोटभर आलं." आणि ती माझ्या पावलावर डोकं टेकून रडायला लागली. आईनं लेकीच्या पायावर डोकं ठेवू नये असं म्हणतात. मला वाकता येत नव्हतं, तिला उठवता येत नव्हतं. मीही रडले, आणि राग त्यात थोडा धुऊन गेला. सगळा नाही गेला, हेही प्रामाणिकपणे लिहिते.

पट्टा

घरी सोडताना सर्जननी एक पट्टा दिला. बरगडीपासून कमरेपर्यंत, चार महिने उठता-बसता घालायचा. मी तो हातात घेऊन बघत राहिले. मायही बघत राहिली. जो पट्टा चुकवायला तिनं एवढं केलं, तो एक्केचाळिसाव्या वर्षी घरी आलाच होता.

तिसऱ्या महिन्यात मी शाळेत गेले ते साडीवरून पट्टा बांधून. पोरं विचारणारच. "बाई, ह्यो बेल्ट कशाला?" मी फळ्यावर माझी पाठ काढून दाखवली, आधीची आणि आताची. एक पोरगं म्हणालं, "बाई, आधीची लई वंगाळ काढली." मी म्हणाले, ती तशीच होती.

आता मी दरवर्षी पाचवी ते सातवीच्या मुलींना एकेक करून वर्गाबाहेर घेते, हात जोडून पुढे वाकायला लावते आणि मागून बघते. एक बाजू वर दिसली तर आईला बोलावते. अर्ध्या आया पहिलं वाक्य एकच बोलतात, "बाई, कोणाला सांगू नका." मी त्यांना सांगते, कुणाला सांगू नका, पण आधी पोरीला सांगा.

माझ्या डाव्या मांडीवर तळहाताएवढी जागा अजून बधिर आहे. थंडीत पाठ आतून आवळते. खाली पडलेला खडू मी पोरांना उचलायला लावते. पण पाऊल वर येतं. पहिल्यांदा फळ्यापुढे अख्खा तास उभी राहिले, त्या दिवशी पोरांना पाढे म्हणायला लावून भिंतीकडे तोंड केलं, कारण डोळे भरले होते.

नवं माप

जुने ब्लाऊज अंगाला बसेनात. खांद्यातली घडी आता टोचायची, डावी बाजू आखूड पडायची. माय अंबडला आली होती. आम्ही दोघी मस्तगडला गेलो.

आपांनी मला उभं करून टेप लावला. डावीकडून मोजलं, उजवीकडून मोजलं, पुन्हा डावीकडून मोजलं. मग वहीतलं माझं पान काढलं आणि शेवटच्या दोन आकड्यांवर काट मारली.

"पाव इंच राह्यला बेटी," त्या म्हणाल्या. "एवढं तर मी कापडातच घेऊन टाकते. कोणाला बी दिसणार न्हाई." सवयीनं त्यांचा हात चिंध्यांच्या डब्याकडे गेला.

मी बोलायला तोंड उघडलं, पण माय माझ्या आधी बोलली.

"नको आपा. एकच आकडा लिव्ह."

आपांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी इतर बायांच्या पानांसारखा एकच आकडा लिहिला.

निघताना मी सवयीनं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढला. मायचा हात माझ्या उजव्या खांद्यावर आला. वाटलं, नेहमीसारखी अजून वर ओढते आहे. तिनं तो खाली घेतला. पाठीवरून पदर बाजूला केला, आणि म्हणाली, "चाल तू म्होरं. मला बघू दे."

मस्तगडपासून स्टँडपर्यंत ती माझ्या मागूनच चालत आली.